नाटक गावाचे, लेखणी कोणाची?

दिवाळी सरली आणि धान खळ्यावर आले की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. पवनी, लाखांदूर, साकोली, लाखनी, मोहाडी, कोणत्याही तालुक्यातील रस्त्याने त्या सुमारास रात्रीचा प्रवास करणाऱ्याला दूरवरून ध्वनिक्षेपकाचा आवाज ऐकू येतो. दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्री दंडार, खडी गंमत अथवा नाटक, हा झाडीपट्टीचा जुना परिपाठ आहे. थंडीत तणसावर घोंगडी अंथरून पहाटेपर्यंत नाटक पाहणारा हा प्रेक्षक मराठी रंगभूमीच्या इतिहासग्रंथांत फार उशिरा आला. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईच्या कित्येक नाट्यरसिकांनी या रंगभूमीचे नाव प्रथमच ऐकले असेल. पण येथे विचार करावयाचा आहे तो या उपेक्षेचा नव्हे. ज्याची उपेक्षा ही रंगभूमी स्वतःच करीत आली आहे, त्या एका माणसाचा.

गावच्या चौकात लागणारा नाटकाचा फलक पाहावा. मंडळाचे नाव ठळक असते. नाटकाचे नाव त्याहून ठळक असते. नायक, खलनायक, विनोदी नट, नृत्यांगना यांची छायाचित्रे असतात. तिकिटाचा दर असतो. आणि सरपंचांपासून ग्रामपंचायतीच्या शेवटच्या सदस्यापर्यंत उद्‌घाटकांची व प्रमुख पाहुण्यांची नामावली असते. लेखकाचे नाव मात्र शोधावे लागते. कधी ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत सापडते, कधी सापडतच नाही. ज्याच्या शब्दांवर हजार माणसे रात्रभर हसतात आणि रडतात, त्याच्यापेक्षा मंडप घालणाऱ्याचे नाव मोठे असावे, हे दृश्य विचार करावयास लावणारे आहे.

यात कुणाची दुष्टबुद्धी असते असे मुळीच नाही. गावच्या तरुण मंडळाने एखादे नाटक बसविले तर ते त्या नाटकावरच्या प्रेमापोटीच बसविलेले असते. संहिता कुठून तरी हाती आलेली असते. एखाद्या शिक्षकाने ती ग्रंथालयातून आणलेली असते, किंवा शेजारच्या गावी गेल्या वर्षी झालेल्या प्रयोगाची वही मागून घेतलेली असते. लेखकाला विचारावयास हवे, ही कल्पनाच मनाला शिवत नाही. आणि कुणी ती सुचविलीच, तर उत्तर तयार असते: आम्ही त्याचे काय हिरावून घेतो? उलट, जेथे त्याचे पुस्तक कधी पोहोचले नसते तेथे आम्ही त्याचे नाटक नेतो.

या उत्तरात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. किंबहुना ज्यांनी कायदा केला त्यांनाही ते काही अंशी पटलेले होते. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. कोणत्या कृती हक्कभंग ठरणार नाहीत हे त्याच्या ५२ व्या कलमात दिले आहे, आणि त्यांत हौशी मंडळांचा स्पष्ट उल्लेख आहे. हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर नाटक केले, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केले, तर लेखकाच्या हक्काचा भंग होत नाही. तसेच शाळा-महाविद्यालयाच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी केलेला प्रयोग, जर प्रेक्षक म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट संबंध असलेल्या व्यक्ती एवढ्यापुरताच मर्यादित असेल, तर त्यालाही परवानगीची गरज नाही.

म्हणजे गावच्या पोरांनी हनुमान मंदिराच्या सभामंडपासाठी तिकीट लावून नाटक केले, तर कायदा त्यांच्या बाजूने उभा राहतो. हेच तिकीट त्याच पोरांनी शाळेच्या नव्या खोलीसाठी लावले, तर तो उभा राहत नाही. शाळेपेक्षा देवळाला झुकते माप देणारा हा भेद आजच्या वाचकाला विचित्र वाटेल आणि तो विचित्र आहेच; पण जोवर तो कायद्यात आहे तोवर मुख्याध्यापकांना तो ठाऊक असणे बरे. स्नेहसंमेलनातील नाटक शाळेच्या आवारात पालकांपुढे झाले तर चिंता नाही. तेच नाटक चौकात, साऱ्या गावाला तिकीट विकून झाले, की लेखकाची परवानगी लागते.

सवलतीची ही मर्यादा न्यायालयानेही एका प्रकरणात दाखवून दिली आहे, आणि ते प्रकरण झाडीपट्टीला जवळचे वाटावे असेच आहे. कर्नाटकातील यक्षगान म्हणजे दंडारीसारखाच रात्रभर चालणारा लोकनाट्यप्रकार. ज्येष्ठ कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांनी त्याला एक नवे रूप दिले. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर, मृत्युपत्रान्वये ज्यांच्याकडे हक्क आले होते त्यांनी मणिपालच्या एका शिक्षणसंस्थेविरुद्ध दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये या दाव्याचा निकाल दिला. कारंतांच्या नाट्यकृतींवरील हक्क वारसाकडेच राहिला. परंतु मनाईहुकूम दिला म्हणून ५२ व्या कलमातील सवलती संस्थेला नाकारता येणार नाहीत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. परंपरा सर्वांची असली तरी त्या परंपरेतून एका माणसाने घडविलेली विशिष्ट कृती त्याची असते, आणि ती त्याची असली तरी विनामूल्य प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींना त्याने आडवे येऊ नये, असे हे दुहेरी तत्त्व आहे.

झाडीपट्टीत ही रेषा ओलांडली जाते ती तिकिटाच्या ठिकाणी. येथील नाटकाचा व्यवहार आता मुख्यत्वे धंदेवाईक मंडळांच्या हाती आहे. वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे गाव गडचिरोली जिल्ह्यातले. पण भंडाऱ्याच्या दक्षिण भागातील गावांना नाटक ठरवावयाचे तर वाट तिकडेच जाते. गावातील मंडळ प्रयोग ठरवते, ठरलेली रक्कम देते आणि तिकीटविक्रीतून ती भरून काढते. उरले तर गावकार्याला, बुडाले तर कार्यकर्त्यांच्या खिशाला. येथे प्रेक्षक पैसे देतो, नट मानधन घेतो, वाद्यवृंद घेतो, मंडपवाला घेतो. सगळ्यांचा हिशेब होतो आणि लेखकाचा तेवढा होत नाही, हे हौसेच्या नावाखाली खपवून घेता येणार नाही.

जुन्या नाटकांबाबत लोकांच्या मनात आणखी एक गोंधळ असतो. नाटक जुने झाले की ते सर्वांचे झाले, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे असते. पूर्वी ती ५० होती, १९९२ मध्ये वाढविण्यात आली. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये, देवल १९१६ मध्ये आणि राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत, नागपूरजवळच्या सावनेर येथे निवर्तले. त्यांची नाटके केव्हाच मुक्त झाली. खाडिलकर १९४८ मध्ये गेले. त्यांचीही २००८ अखेर मुक्त झाली. परंतु आचार्य अत्रे यांचे निधन १९६९ चे. त्यांच्या नाटकांवरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत चालेल. शिरवाडकर १९९९ मध्ये आणि पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांच्या नाटकांचे हक्क या शतकाच्या मध्यानंतरही जिवंत राहतील. ‘एकच प्याला’ कुणीही करावे. पण ते कुणी अलीकडे संक्षिप्त करून नवी रंगावृत्ती सिद्ध केली असेल, तर त्या रंगावृत्तीवर तिच्या कर्त्याचा हक्क असू शकतो, हे विसरू नये.

मग कथानक घेतले तर काय? झाडीपट्टीवर नेहमी होणारा आरोप असा की, येथे चित्रपटांच्या आणि मुंबईच्या नाटकांच्या कथा उचलल्या जातात. हा आरोप करणाऱ्यांनी थोडे मागे वळून पाहावे. आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’वरून आले, देवलांचे ‘झुंझारराव’ हे ‘ऑथेल्लो’वरून, आणि त्यामुळे मराठी रंगभूमी समृद्धच झाली. कथेची कल्पना ही कुणाची मालमत्ता नसते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या प्रकरणात मांडले. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट चोरला, अशी नाटककाराची तक्रार होती. न्यायालयाने ती फेटाळली. विषय, कल्पना, कथासूत्र यांवर स्वामित्व नाही. स्वामित्व आहे ते त्यांच्या विशिष्ट मांडणीवर आणि शब्दांवर, असा त्या निर्णयाचा आशय आहे. दोन जातींतील प्रेमिकांची गोष्ट कुणीही लिहावी. दुसऱ्याने लिहिलेले संवाद जसेच्या तसे घेऊन, नाटकाचे नाव तेवढे बदलून, ते आपले म्हणून उभे करणे ही मात्र निराळी गोष्ट आहे.

चाहता आणि मालक यांच्यातील हा तंटा केवळ आपल्याकडचा नाही. सोंग घेण्याची हौस सार्वत्रिक आहे, आणि पश्चिमेत तिने घरातील मेजाभोवतीही एक रंगभूमी उभी केली आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. पाचसहा जण मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, एक जण सूत्रधार होतो, आणि फासे टाकीत टाकीत कथा रचली जाते. दंडारीतील माणसाला हा खेळ समजावून सांगण्याची गरज पडू नये. खेळाचे वेड लागलेल्या तरुणांनी पुढे संकेतस्थळे काढली. स्वतः रचलेल्या कथा, पात्रे, नकाशे त्यांवर मांडले. १९९० च्या दशकात त्या वेळच्या मालक कंपनीने या चाहत्यांवर कायद्याचा बडगा उगारला आणि भरपूर अप्रीती संपादन केली. नव्या मालकांनी २००० मध्ये शहाणपण दाखविले: नियमांचा गाभा एका खुल्या परवान्याखाली दिला आणि काय घेता येईल, काय नाही, हे लिहून ठेवले. त्यातून शेकडो छोटे लेखक-प्रकाशक उभे राहिले. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना गुंडाळण्याचा बेत बाहेर फुटला, तेव्हा चाहते असे काही खवळले की, त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीला तो गाभा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्याखाली कायमचा मोकळा करावा लागला. मूळ कर्त्याचा नामनिर्देश करा आणि वापरा, एवढीच त्या परवान्याची मुख्य अट आहे.

या प्रकरणातून झाडीपट्टीने घ्यावयाची गोष्ट चाहत्यांच्या विजयाची नाही. त्या संकेतस्थळांवर हळूहळू जो शिष्टाचार रुळला तो घ्यावयाचा आहे. नियम आपल्या शब्दांत सांगावेत, पण पुस्तकाची पानेच्या पाने उतरवू नयेत. चित्रकाराला विचारल्याशिवाय त्याचे चित्र लावू नये. कुणाचे काय घेतले ते पहिल्याच पानावर सांगावे. आणि मालकाने काढावयास सांगितले तर आधी काढावे, वाद मागाहून घालावा. कोर्टकचेरीच्या भीतीपेक्षा, आपल्यासारख्याच दुसऱ्या एका वेड्याच्या श्रमांची जाणीव या शिष्टाचाराच्या मुळाशी आहे.

ही जाणीव झाडीपट्टीला अधिक हवी, कारण येथे सर्वाधिक नुकसान मुंबईच्या नाटककाराचे होत नाही. साकोलीच्या पोरांनी त्याचे नाटक न विचारता केले म्हणून त्याच्या घरची चूल विझत नाही. नुकसान होते ते येथल्याच लेखकाचे. या भागात दर हंगामासाठी नवी नाटके लिहिणारी माणसे आहेत. त्यांच्या नाटकांपैकी फार थोडी छापली जातात. पुस्तक नाही म्हणजे पुस्तकाचे मानधन नाही, समीक्षकाची दखल नाही, ग्रंथालयात नाव नाही. प्रयोग हेच त्यांचे एकमेव उत्पन्न आणि फलक हीच त्यांची एकमेव कीर्ती. अशा लेखकाची वही एका हंगामानंतर दुसऱ्या मंडळाच्या हाती गेली आणि नाव बदलून तेच नाटक चार गावे पलीकडे उभे राहिले, तर त्याच्याजवळ आपला हक्क दाखवावयास छापील पानदेखील नसते. मुंबईकराला निदान तेवढे असते.

कायदा अशा लेखकाच्या बाजूने किती आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. लिहिल्याक्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी केली तर पुराव्याला बळ येते, एवढेच. आपला हक्क दुसऱ्याला द्यावयाचा तर तो लेखीच द्यावा लागतो आणि त्यावर सही लागते. तोंडी सौद्याने हक्क हस्तांतरित होत नाही. करारात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणजे हंगामाच्या तोंडावर हातात पडलेल्या एका रकमेवर जन्मभराचा हक्क विकला गेला, असे समजण्याचे कारण नाही. शिवाय ५७ व्या कलमान्वये कृतीचा कर्ता म्हणवून घेण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधक अशी तिची मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार, हक्क विकल्यानंतरही लेखकाकडेच राहतो. मंदिरासाठी केलेल्या, परवानगी न लागणाऱ्या प्रयोगातही नाव गाळण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही.

नटांच्या बाजूनेही कायद्यात सुधारणा झाली आहे. १९९४ च्या दुरुस्तीने रंगमंचावर काम करणाऱ्याचा स्वतःच्या प्रयोगावरील हक्क मान्य झाला. त्याच्या संमतीवाचून प्रयोगाचे चित्रण करता येत नाही. आता प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि रात्रीचे नाटक सकाळी ‘यूट्यूब’वर पडलेले असते. चित्रण करणारा चाहताच असतो, हे खरे. पण पुढच्या गावाने तेच नाटक तीन दिवसांनी ठरविलेले असेल, तर त्याच्या हौसेची किंमत त्या गावाला मोजावी लागेल.

परवानगी मागणे जड जाते ही अडचण खोटी नाही. छापील नाटकाच्या आरंभी प्रयोगाचे हक्क राखून ठेवल्याची सूचना आणि पत्ता असतो; परंतु चाळीस वर्षांपूर्वीच्या आवृत्तीतील पत्त्यावर पाठविलेल्या पत्राला उत्तर कोण देणार? लेखक दिवंगत, वारस परगावी, प्रकाशकाचे दुकान बंद. चित्रपटगीते वापरली तर निदान ‘आयपीआरएस’सारखी एक संस्था आहे, जेथे जाता येते. नाटकासाठी गावातल्या मंडळाने कुणाकडे जावे? नाट्य परिषदेने आपल्या शाखांतून हे काम अंगावर घ्यावे, हक्कधारकांचे चालू पत्ते आणि खेड्यातील प्रयोगासाठी परवडेल असे माफक मानधन यांची यादी प्रसिद्ध करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. जे मालक पत्राला उत्तर देत नाहीत आणि प्रयोग झाल्यावर मात्र नोटीस धाडतात, त्यांनीही परदेशातील त्या कंपनीची हकीकत वाचावी.

तथापि, अडचणीची सबब सर्वत्र लागू पडत नाही. हौशी राज्य नाट्यस्पर्धेत उतरावयाचे असले की लेखकाचे अनुमतिपत्र लागते, आणि येथील हौशी मंडळी तेव्हा ते बरोबर मिळवितात. तेच मंडळ गावातील प्रयोगाच्या वेळी पत्र लिहिण्याचा कंटाळा करते, तेव्हा पत्ता मिळत नाही हे त्याचे कारण नसते. आणि स्थानिक लेखकाच्या बाबतीत तर पत्त्याचा प्रश्नच येत नाही. तो बहुधा वीसतीस मैलांच्या आतच राहत असतो.

नाटके ठरविण्याची धांदल दसऱ्याच्या सुमारास सुरू होते. कंपनीशी करार करताना गावच्या मंडळाने तारीख, रक्कम आणि नटांची नावे विचारावीत, तशीच लेखकाची लेखी अनुमती दाखविण्यास सांगावी. ज्या मंडळांत शिक्षक किंवा ग्रामपंचायतीचा कारकून आहे, तेथे हा कागद मागणे अवघड जाऊ नये. लेखकांनीही वही हातावेगळी करण्यापूर्वी किती प्रयोगांसाठी, किती हंगामांसाठी, कोणत्या मानधनावर आणि फलकावर नाव कोठे, एवढे चार मुद्दे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.